मुक्या जनावरांसाठी धावताना स्वतःचा पिट्टा पडू नये म्हणून: नाशिकच्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

प्राण्यांचं काम बहुतेक जण एका प्राण्यापासून सुरू करतात. गल्लीतलं लंगडणारं पिल्लू असतं, नाहीतर मांजात अडकलेली घार. तीन महिन्यांत त्या माणसाचा नंबर सिडकोपासून नाशिक रोडपर्यंतच्या सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो आणि सहाव्या महिन्यात तो फोन उचलणं सोडून देतो. लोक म्हणतात, फार हळवा होता हो. आम्हाला हे पटत नाही. हळवी माणसं वीस-वीस वर्षं हे काम करतात. सोडून जाणाऱ्याच्या बाबतीत बहुतेक वेळा एकच गोष्ट राहून गेलेली असते: किती प्राणी, किती तास, किती पैसे आणि कुठपर्यंतचा भाग, याचा आकडा कधी ठरलेलाच नसतो. मग तो दर फोनला नव्याने ठरवावा लागतो, तेही समोर रक्ताळलेला फोटो असताना.

कामाच्या थकव्यासाठी ‘बर्नआउट’ हा शब्द मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये रूढ केला, तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या माणसांकडे पाहून. म्हणजे हा शब्द मुळात आपल्यासारख्या फुकट राबणाऱ्यांसाठीच आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात त्याच्या तीन खुणा दिल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. याच्या शेजारी आणखी एक प्रकार असतो, दुसऱ्याचं दुःख पाहून पाहून येणारा, त्याला करुणेचा थकवा म्हणतात. फरक लक्षात ठेवा, कारण उपाय वेगळे आहेत. पहिला प्रकार ओझं कमी केलं की उतरतो. दुसरा नुसत्या सुट्टीने जात नाही. त्र्यंबकच्या डोंगरात चार दिवस राहून आलात तरी डोळे मिटले की तेच पिल्लू दिसत असेल, तर तो दुसरा.

पायरी १: कामाला हात लावण्याआधी लस

स्वतःची काळजी म्हटलं की लोक ध्यान आणि प्राणायामापासून सुरू करतात. आम्ही सुईपासून सुरू करू. नव्या माणसाची निम्मी झोप एका ओरखड्याने जाते: रेबीज होईल का? ही भीती आधीच संपवता येते.

रेबीजची प्रतिबंधक लस चावा बसण्याआधी घ्यायची. तिचे तीन डोस असतात: पहिल्या दिवशी (तो दिवस ० धरायचा), ७व्या दिवशी आणि २१व्या किंवा २८व्या दिवशी. हा कोर्स झालेल्या माणसाला पुढे कधी चावा बसला, तर त्याच हिशोबाने ० आणि ३ऱ्या दिवशी असे दोनच डोस पुरतात, सीरम (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागत नाही. कोर्स न झालेल्याला ०, ३, ७ आणि २८ या दिवसांना कातडीतली लस घ्यावी लागते, आणि रक्त आलं असेल तर जखमेभोवती सीरमही. चावल्यानंतरची लस सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मोफत मिळते, पण आधीचा कोर्स बहुतेकांना खासगी डॉक्टरकडे पैसे देऊनच करावा लागतो. तो खर्च कामाचा खर्च समजा. लशीचं कार्ड पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो गटातल्या दुसऱ्या एकाकडे असू द्या.

लस झालेली असो वा नसो, चावा किंवा ओरखडा बसला की आधी जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा. घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका. ‘दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवू, मग बघू’ असं कोणी म्हणालं तरी लस पुढे ढकलू नका. लक्ष ठेवायचं ते लस सुरू करून.

धनुर्वाताचं इंजेक्शन दर १० वर्षांनी घ्या. जखम घाण असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला ५ वर्षं उलटली असतील तर डॉक्टर पुन्हा देतात.

एक चूक अनुभवी माणसंही करतात. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही असं कुत्रं दिसलं की सगळे म्हणतात, घशात हाडूक अडकलंय, आणि कोणीतरी तोंडात हात घालतं. रेबीजचा एक प्रकार अगदी असाच दिसतो. गाय-म्हैस लाळ गाळत असेल तेव्हाही हेच. हातमोजे आणि पशुवैद्य असल्याशिवाय कुठल्याही जनावराच्या तोंडात हात जाता कामा नये.

बाकीचे आजार झटपट सांगतो. खरजेच्या कुत्र्याला हाताळल्यावर हातावर-पोटावर खाज उठते, कुत्र्यावर उपचार झाले की बहुधा तीही ओसरते. मांजराकडून गोल, कडेला लाल असा गजकर्णाचा चट्टा येतो. त्यावर मेडिकलमधून मागून आणलेलं स्टेरॉइडचं मिश्र मलम लावू नका, चट्टा दबल्यासारखा वाटतो आणि पसरतो. पावसाळ्यात पायाला चीर असेल तर साचलेल्या पाण्यात गमबूट घालूनच उतरायचं, लेप्टो या तापाचा जंतू जनावराच्या लघवीतून पाण्यात येतो. गरोदर बाईने मांजराची माती साफ करू नये. दुसरं कोणी करत असेल तर रोज करावी.

पायरी २: एका कागदावर चार आकडे

हा कागद शांत असताना लिहायचा, शक्यतो रविवारी सकाळी, मिसळ खाऊन वगैरे. रात्री अकराला जखमी जनावरासमोर उभं राहून कोणालाच नीट हिशोब जमत नाही.

पहिला आकडा भागाचा. घरापासून ३ किलोमीटर हे नव्या माणसाला पुष्कळ झालं. गंगापूर रोडला राहणाऱ्याने अंबडचा फोन घेतला की संध्याकाळच्या गर्दीत जाण्या-येण्यातच तास-दीड तास जातो आणि मग प्राणी गाडीत घालून दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायची धावपळ सुरू होते. लांबच्या फोनसाठी आपण माहिती देणारे, जाणारे नाही, हे लिहूनच ठेवा.

दुसरा आकडा तासांचा. नोकरी करणाऱ्याने रोज दीड तास आणि आठवड्यात एक पूर्ण दिवस अजिबात नाही, इथून सुरुवात करावी. रात्रीचे फोन आठवड्यात दोनच रात्री घ्या, बाकीच्या रात्री गटातले इतर घेतील. गटात तीनच माणसं असतील तर सातव्या रात्री सेवा बंद राहील. राहू द्या. रोज रात्री अर्धवट जागी असलेली तीन माणसं सहा महिन्यांत शून्य होतात.

तिसरा आकडा पैशांचा. उदाहरणच घ्या: हातात २२,००० येत असतील तर त्यातले ५ टक्के, म्हणजे १,१००. हे वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते संपलं की महिना संपला. खरा खड्डा पडतो तो दवाखान्याच्या उधारीत. डॉक्टर चांगले असतात, ‘नंतर द्या’ म्हणतात, आणि दिवाळीपर्यंत तो आकडा माणसाची झोप घालवण्याइतका होतो. उधारीची वरची मर्यादा डॉक्टरांनाच सांगून ठेवा: ‘एवढ्याच्या वर गेलं तर मला विचारल्याशिवाय पुढचं करू नका.’ आणि फोनवर ‘खर्चाचं मी बघतो’ हे वाक्य कधीही नाही.

चौथा आकडा जागेचा, म्हणजे घरात एका वेळी किती प्राणी. हा आकडा तुम्ही एकट्याने ठरवायचा नाही, घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवायचा. दोन खोल्यांच्या घरात आजारी प्राणी एकच. एक बरा होऊन गेल्याशिवाय दुसरा येणार नाही. हा नियम मोडत गेला की काय होतं ते प्रत्येक शहरात दिसतं: घरात तीस कुत्री, एकाचंही लसीकरण पूर्ण नाही, शेजाऱ्यांची तक्रार गेलेली, आणि मालकीण कोणालाही प्राणी दत्तक द्यायला तयार नाही, कारण तिच्या मते कोणीच लायक नाही. याला प्राण्यांवरचं प्रेम म्हणायची पद्धत आहे. आम्ही त्याला हातातून सुटलेलं काम म्हणतो.

याच कागदाच्या मागे एक गुणाकार करा. तुम्ही रोज ज्यांना खाऊ घालता त्यांत निर्बीजीकरण न झालेल्या माद्या किती? कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा, वर्षाला दोन विणी होऊ शकतात, एका वेतात चार ते सहा पिल्लं सहज. पाच माद्या म्हणजे एका हंगामात वीस ते तीस पिल्लं, आणि ती येतात नेमकी थंडीत, पार्व्हो-डिस्टेंपर हे पिल्लांचे जीवघेणे आजार जोरात असताना. डिसेंबरमध्ये जो माणूस कोलमडतो त्याचं ओझं जूनमध्येच ठरलेलं असतं. म्हणून खाऊ घालायची जागा वाढवण्याआधी आहे त्या जागेवरच्या माद्यांची महापालिकेकडे निर्बीजीकरणासाठी नोंद करा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार हे काम स्थानिक संस्थेचं आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला व्ही आकाराचा काप असतो, त्यावरून मोजदाद सोपी जाते.

पायरी ३: फोन

माणसं थकतात ती जनावरांनी कमी आणि फोनने जास्त. त्यामुळे इथे जरा थांबू.

कामाचा नंबर वेगळा ठेवा. दुसरं सिम, त्यावर वेगळं व्हॉट्सॲप, आणि ठरलेल्या वेळेनंतर ते बंद. आपोआप जाणारा संदेश लावून ठेवा: ‘हा नंबर संध्याकाळी ६ ते ९ चालू असतो. गाय, बैल, शेळी अशा जनावरांसाठी १९६२ या पशुवैद्यकीय सेवेला फोन करा. बिबट्या, साप, माकड, मोर किंवा इतर वन्यप्राणी असल्यास वनविभागाला १९२६ वर कळवा.’ या दोन आकड्यांनी बरेच फोन आपल्याकडे न येता योग्य ठिकाणी जातात.

फोन आला की चार प्रश्न, याच क्रमाने: प्राणी कुठे आहे, जवळची खूण काय? तो श्वास घेतोय का, उभा राहतोय का? तुम्ही आत्ता त्याच्याजवळ आहात का? आणि तुम्ही थांबू शकता का? तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला निम्मे लोक गडबडतात. द्वारका सर्कलवरून रिक्षातून जाताना कुत्रं दिसलं, फोटो काढला, आता ते घरी पोचलेत आणि तुम्ही जावं अशी त्यांची इच्छा आहे. जाग्यावर माणूस नसेल तर निघू नका. अर्धा तास शोधून रिकाम्या हाताने परत येणं हे गेल्या-न गेल्यासारखंच असतं, आणि असे तीन फेरे माणसाला एका खऱ्या केसपेक्षा जास्त दमवतात.

नकार कसा द्यायचा हे आधीच पाठ करून ठेवा, ऐनवेळी शब्द सुचत नाहीत. साधारण असं:

‘ताई, मी आत्ता येऊ शकत नाही. पण तुम्ही तिथे आहात तर एवढं करा. त्याला पाणी पाजू नका, नुसती सावली करा. घरातली जुनी चादर आणा, दोघांनी मिळून त्याला चादरीवर सरकवा आणि रिक्षाने दवाखान्यात न्या. मी जवळच्या दवाखान्याचं नाव पाठवते. तिथे पोचलात की मला फोन करा, मी डॉक्टरांशी बोलते.’

यात ‘सॉरी’ नाही आणि कारणही नाही. कारण दिलं की समोरचा त्यावर वाद घालतो: ऑफिसमध्ये आहे म्हणालात तर ‘सुट्टी घ्या ना’. ‘मग तुम्ही काय कामाचे’ असं कोणी म्हणालं तर उत्तर एकच: ‘बरोबर आहे दादा, पण आत्ता तिथे तुम्ही आहात.’ बरेच जण मग खरंच चादर आणतात, हे सांगायला हवं.

ग्रुपचे नियमही ठरवा. जखमेचा फोटो थेट टाकायचा नाही, आधी शब्दांत लिहायचं आणि फोटो फक्त जाणाऱ्याला पाठवायचा. छळाचे व्हिडिओ तर कोणीच पुढे पाठवायचे नाहीत. दुसऱ्या राज्यातली तीन वर्षांपूर्वीची मारहाण पाहून नाशिकमधल्या एकाही कुत्र्याचं भलं होत नाही, तुमची रात्र मात्र जाते.

पायरी ४: प्रत्यक्ष काम करताना अंग सांभाळणं

पाठ, हात आणि डोकं, या तीन ठिकाणी काम अंगावर येतं.

पंचवीस-तीस किलोचं कुत्रं एकट्याने उचलायचं नाही. चादर जमिनीवर पसरा, कुत्र्याला पाठीकडून हळूच तिच्यावर ओढा, दोघांनी चार कोपरे धरा आणि गुडघे वाकवून एकदम उठा. उचलण्याआधी तोंड बांधायचं, कारण वेदनेतलं कुत्रं ज्याच्यावर जीव असेल त्यालाही चावतं. साधारण सव्वा मीटर लांबीची बँडेजची पट्टी घ्या. मध्ये सैल फास करा, तो नाकावरून सरकवा, वरच्या बाजूने ओढा, दोन्ही टोकं जबड्याखाली आणून एक आढी घाला आणि कानांच्या मागे मानेवर सरकगाठ मारा, एका ओढीत सुटेल अशी. कुत्रं ओकत असेल, धापा टाकत असेल किंवा पगसारखं आखूड नाकाचं असेल तर तोंड बांधू नका, गळ्याभोवती जाड टॉवेलची गुंडाळी करा. गाडीत एक माणूस फक्त त्याच्या श्वासाकडे बघेल.

आसऱ्यात साफसफाई करणाऱ्यांचं डोकं दुपारी दुखतं आणि ते उन्हावर ढकललं जातं. बऱ्याचदा कारण वेगळंच असतं. लघवीवर थेट ब्लीच ओतलं की त्यातल्या अमोनियाशी मिळून घशाला झोंबणारा वायू निघतो. आधी शेण-लघवी पाण्याने आणि साबणाने पूर्ण धुवा, मग ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच असं द्रावण पसरा, १० मिनिटं राहू द्या, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, मग पुन्हा पाणी. घाणीवर ओतलेलं ब्लीच पार्व्होलाही मारत नाही, म्हणजे त्रास होतो तो होतोच आणि काम फुकट जातं. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही.

एप्रिल-मेमध्ये फेरी सकाळी ९ च्या आत आणि संध्याकाळी ६ नंतर. बरोबर ओआरएस असू द्या, एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अर्ध्या बाटलीत असा अंदाज करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखरेचे ६ आणि मिठाचा अर्धा, असे सपाट चहाचे चमचे.

जेवण हा विषय हास्यास्पद वाटेल, पण या कामातल्या लोकांचा सगळ्यात आधी मोडणारा नियम तोच. कुत्र्यांचा भात वेळेवर शिजतो, माणसाचा वडापाव रात्री साडेदहाला. फेरीला निघण्याआधी खाऊन निघा.

पायरी ५: प्राणी मरतो तेव्हा

पार्व्हो झालेली पिल्लं उपचार करूनही जातात. महामार्गावर गाडीखाली आलेलं कुत्रं जातं. द्राक्षबागांच्या पट्ट्यात फवारणीचं औषध पोटात गेलेलं जनावर बऱ्याचदा दवाखान्यात पोचेपर्यंतच जातं. (द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला स्वतःच विषारी असतात, कांदाही. निफाड-दिंडोरी-लासलगावच्या घरांत हे मुद्दाम सांगत चला.) नव्या माणसाला हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून पहिल्या मृत्यूला तो स्वतःची चूक समजतो.

पार्व्होच्या बाबतीत एक चूक मात्र खरंच होते आणि तीच माणसाला मोडते. पिल्लू जातं, घर सुनं होतं, आठवड्यात कोणीतरी दुसरं पिल्लू आणून देतं, आणि दहा दिवसांत तेही जातं. पार्व्होचा विषाणू मातीत आणि फरशीच्या भेगांत कित्येक महिने टिकतो. त्या घरात लस पूर्ण न झालेलं पिल्लू पुढचं निदान अर्धं वर्ष आणायचं नाही, अंगण मातीचं असेल तर वर्षभर. मोठं, लस झालेलं कुत्रं चालेल. आणि कुठलंही नवीन पिल्लू आधीच्या प्राण्यांपासून १४ दिवस वेगळं, वेगळी भांडी, वेगळी चप्पल.

दयामरणाचा निर्णय पशुवैद्याचा असतो, इंजेक्शनही तोच देतो. तुमचं काम असतं धरणं किंवा जवळ असणं. त्यासाठी आम्ही सुचवतो ते असं: लागोपाठ दोन वेळा त्याच माणसाने धरायचं नाही. ज्याने त्या प्राण्याला महिनाभर सांभाळलं त्याला विचारायचं, गृहीत धरायचं नाही. थांबायचं नसेल तर बाहेर बसणं हे पळून जाणं नाही. शक्य असेल तर हे दिवसाच्या शेवटी करू नका, कारण मग त्याच क्षणापासून सरळ रात्र सुरू होते. नंतर वीस मिनिटं कुठलाही फोन नाही. हात-तोंड धुवा, कपडे बदला, वास कपड्यांत राहतो आणि घरी घेऊन जायचा नसतो. चहा प्या. मग वहीत नोंद.

ही वही साध्या शंभर पानांची. रकाने पाच: तारीख, प्राणी, आला तेव्हाची स्थिती, काय केलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. शेवटच्या रकान्यात एकच वाक्य लिहायचं, आणि ते करता येण्यासारखं असलं पाहिजे. ‘मी उशीर केला’ हे चालणार नाही. ‘रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता ते फोनमध्ये वर पिन करून ठेवायचं’ हे चालेल. काही बदलण्यासारखं नसेल तर ‘काही नाही’ असं लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकाम्या रकान्यात मन रात्री काहीबाही भरतं. आणि त्याच वहीत बरे होऊन गेलेलेही लिहा. मेलेले आपोआप लक्षात राहतात, वाचलेले राहत नाहीत.

पायरी ६: माणसं

सोसायटीतली भांडणं प्राण्यांपेक्षा जास्त पिळून काढतात. जिना, इमारतीचं दार, मुलांच्या खेळायची जागा आणि वृद्धांचा फिरायचा रस्ता टाळून, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी खाऊ घालणं हे २०२३ च्या नियमांतही आहे आणि शहाणपणाचंही आहे. खाणं झालं की पाच मिनिटांत कागद-भांडी उचला. निम्म्या तक्रारी कुत्र्यांच्या नसतातच, सांडलेल्या भाताच्या असतात. अध्यक्षकाकांशी वाद रात्री पार्किंगमध्ये घालायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दोघांनी मिळून, लसीकरणाची यादी हातात घेऊन जायचं. एकट्याने जाल तर भांडण होतं, यादी घेऊन गेलात तर बोलणं होतं.

घरच्यांना गृहीत धरू नका. आठवड्याचा तो एक रिकामा दिवस त्यांचा आहे.

पायरी ७: वर्ष आधीच डोळ्यांसमोर ठेवा

नाशिकमध्ये कामाचा भार महिन्यांनुसार चढतो-उतरतो, आणि तो बराचसा आधी कळतो. जानेवारीत संक्रांत: येवल्याकडे तर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग चालतात. बंदी असलेला नायलॉन मांजा अजूनही सापडतो. जखमी पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका. त्या आठवड्यात दोन पाळ्या लावा, आणि त्यानंतरचे दोन दिवस कोणीही नवीन केस घ्यायची नाही हे आधीच जाहीर करा. उन्हाळ्यात तहानेने खाली पडणाऱ्या घारी-कावळे. पावसाळ्यात जखमांत पडणाऱ्या अळ्या आणि सापांचे फोन. सापासाठी अनुभवी सर्पमित्र किंवा वनविभागच, कितीही आग्रह झाला तरी नवशिक्याने काठी हातात घ्यायची नाही. बिबट्या उसात दिसला, नाहीतर शहराच्या कडेला शिरला, तर तुमचं काम १९२६ ला कळवणं आणि लोकांना घरात ठेवणं, एवढंच. दिवाळीत फटाक्यांनी पळून हरवलेली कुत्री, आणि मग वर सांगितलेली पिल्लं. म्हणजे मोठी सुट्टी घ्यायचीच असेल तर ती फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा ऑगस्टमध्ये बसवा. डिसेंबरमध्ये कोणी सोडणार नाही, आणि तुमचाही पाय निघणार नाही.

पायरी ८: कधी थांबायचं, कोणाला सांगायचं

‘प्रोक्यूओएल’ नावाची ३० प्रश्नांची मोफत प्रश्नावली आहे. कामातलं समाधान, बर्नआउट आणि दुसऱ्याच्या आघाताचा ताण असे तीन वेगळे गुण तीत निघतात. प्रत्येक भागात २२ पर्यंत कमी, २३ ते ४१ मध्यम, ४२ किंवा त्याहून वर जास्त. हे निदान नव्हे. पण दर तीन महिन्यांनी भरून जुन्या आकड्याशेजारी ठेवलं की काय सरकतंय ते दिसतं.

प्रश्नावलीशिवायही काही खुणा आमच्या कामात ओळखीच्या आहेत. फोनचा आवाज आला की पोटात गोळा येणं. दत्तक घ्यायला आलेल्या प्रत्येकात खोट दिसणं. ‘माणसं नालायकच’ हे वाक्य दिवसातून चारदा तोंडात येणं. जखमी प्राणी पाहून काहीच न वाटणं. आधी ज्या कुत्र्याला नावाने हाक मारत होतात त्याचा ‘तो काळा’ होणं. यातल्या दोन खुणा दोन आठवडे टिकल्या तर रात्रीचे फोन त्याच दिवशी थांबवा आणि गटातल्या एकाला सांगा.

झोप उडाली असेल, दारू वाढली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल तर वाट पाहू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत असते, मराठीत बोलता येतं. सिव्हिलमध्येही मानसोपचार विभाग आहे. मरणाचे विचार येत असतील तर एकटं राहू नका, आणि दवाखान्यात काम करत असाल तर औषधांच्या कपाटाची किल्ली त्या काळात दुसऱ्याकडे द्या. सहकाऱ्यात असं काही दिसलं तर त्याला सरळ विचारा, ‘जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

सुट्टी घेताना मागे एक पान ठेवून जा: खाऊ घालायच्या जागा आणि वेळा, कोणाला कुठलं औषध किती दिवस चालू आहे, कोणत्या माद्यांचं निर्बीजीकरण अजून राहिलंय, दवाखान्यात किती उधारी आहे, किल्ली कोणाकडे. कामाचं सिम त्याच माणसाला द्या, नुसता कॉल वळवू नका, कारण व्हॉट्सॲप तुमच्याच हातात राहतं. परत आल्यावर पहिला आठवडा फक्त खाऊ घालायची फेरी. रात्रीच्या पाळीत नाव दुसऱ्या आठवड्यापासून.